रूझवेल्ट यांचं हृदय कोणत्या गटात बसलं असतं?

मार्च १९४४ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना बेथेस्डा इथल्या नौदलाच्या रुग्णालयात तपासणीसाठी आणलं, तेव्हा त्यांचं वय ६२ होतं. आदल्या हिवाळ्यात तेहरानची परिषद आटोपून ते परतले, मग फ्लू झाला आणि त्यातून ते पुरते सावरलेच नाहीत. खोकला हटेना, थकवा जाईना. त्यांचे नेहमीचे डॉक्टर, ॲडमिरल रॉस मॅकइन्टायर, हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. मुलगी ॲना हिने आग्रह धरला, म्हणून संपूर्ण तपासणी ठरली आणि ती नौदलातले तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांच्याकडे सोपवण्यात आली.

पुढचं जवळजवळ सगळं आपल्याला ब्रुएन यांच्यामुळेच माहीत आहे. रुग्णालयातला मूळ केसपेपर नाहीसा झाला आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं नाही. ब्रुएन यांनी १९७० मध्ये आपल्या नोंदी एका वैद्यकीय नियतकालिकात छापल्या, म्हणून हे प्रकरण आज तपासून पाहता येतं.

ते तपासावं असं मला वाटतं याचं कारण वेगळं आहे. हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेइतकं काम करू न शकण्याचं, आजचं वर्गीकरण ज्या एका आकड्यावर उभं आहे, तो इजेक्शन फ्रॅक्शनचा (एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर पडतं याचा) आकडा १९४४ साली कोणी मोजतच नव्हतं. आज टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद आधी हातात पडतो आणि रुग्णाकडे नजर नंतर जाते. इथे कागद नाही. रुग्ण आहे, त्याची नाडी आहे, एक्स-रे आहे आणि पुढच्या वर्षभराची हकिगत आहे. एवढ्यावरून गट ठरवायला बसलं, की तो आकडा नेमकं काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो हे स्पष्ट होत जातं.

तपासणीत दिसलं ते असं. चेहरा राखाडी पडलेला, ओठ आणि नखं निळसर. तपासणीच्या टेबलावर नुसती हालचाल केली तरी धाप लागत होती. रक्तदाब १८६/१०८. हृदयाचं टोक नेहमीच्या जागेपेक्षा डावीकडे सरकलेलं, तिथे हृदय आकुंचन पावताना ऐकू येणारी मर्मर आणि दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याचे बारीक आवाज. एक्स-रेमध्ये हृदय मोठं आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या भरलेल्या. नाडीची लय मात्र नियमित होती.

ब्रुएन यांनी जुने आकडेही पाहिले. १९३५ मध्ये रक्तदाब १३६/७८ होता, १९३७ मध्ये १६२/९८, तर फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. म्हणजे किमान सात वर्षं हृदयाच्या डाव्या जवनिकेला (शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या डाव्या कप्प्याला) जास्तीच्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागत होतं. याचा दोष मॅकइन्टायर यांच्या एकट्याच्या माथी मारणं मला पटत नाही. रक्तदाबावर सहज घेता येईल अशी पहिली गोळी, थायाझाइड, बाजारात आली १९५८ मध्ये. आणि वाढलेला रक्तदाब शरीराला गरजेचाच असतो, तो उतरवू नये, असं मानणारे नामांकित डॉक्टर त्या काळात होते.

इथे एक गोष्ट वाचकाने मनात पक्की धरावी. १९२१ मध्ये पोलिओ झाल्यापासून रूझवेल्ट यांचे पाय निकामी होते. हार्ट फेल्युअर ओळखण्याची पहिली खूण कोणती? जिना चढताना दम लागतो, पूर्वी एका दमात जायचो तिथे आता थांबावं लागतं. लक्षणांवरून केलेलं न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनचं चार श्रेणींचं वर्गीकरण १९२८ पासून वापरात होतं आणि ते पूर्णपणे याच प्रश्नावर आधारलेलं आहे: किती श्रमाने दम लागतो? चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला हा प्रश्न लागूच पडत नाही. त्यामुळे आजार कदाचित कितीतरी महिने आधी सुरू झाला असेल आणि तो पकडण्याची नेहमीची वाट बंद असल्याने बसल्या जागी धाप लागेपर्यंत कोणाच्या लक्षात आला नसेल. गुडघ्याच्या दुखण्याने घरात बसून असलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांचंही हेच होतं. चालणंच बंद, मग दम कुठून लागणार?

ब्रुएन यांनी निदान लिहिलं: उच्च रक्तदाब, त्यामुळे झालेला हृदयविकार, डाव्या जवनिकेचं फेल्युअर आणि तीव्र ब्राँकायटिस. या क्रमाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

उपचारांत डिजिटॅलिस (हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारं औषध), मीठ कमी, विश्रांती, सिगारेटी कमी आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. पूर्ण विश्रांती युद्धकाळात शक्य नव्हती. तरीही दोन आठवड्यांच्या आत फरक पडला. खोकला थांबला, फुप्फुसं मोकळी झाली, रात्री आडवं झोपता येऊ लागलं आणि एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार लहान झालेला दिसला. त्यानंतर दक्षिण कॅरोलिनातल्या हॉबकॉ इथे महिनाभर विश्रांती झाली. रक्तदाब मात्र हटला नाही, उलट चढत गेला.

आकडा कशाचा

डाव्या जवनिकेत हृदय शिथिल असताना जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, ते इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ. १२० मिलिलिटर भरलं आणि ७० बाहेर पडलं तर ईएफ ५८ टक्के. निरोगी हृदयही सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हा नेहमीचा आकडा. त्यामुळे रिपोर्टवर ६० पाहून ‘हृदय साठच टक्के चालतंय’ म्हणून घाबरून येणाऱ्यांना आधी हे समजावून सांगावं लागतं.

आता दोन आजारी हृदयं शेजारी ठेवून पाहा. पहिलं पसरलेलं: त्यात २०० मिलिलिटर भरतात, पण स्नायू थकल्यामुळे ६० च बाहेर पडतात. ईएफ ३० टक्के. दुसरं जाड भिंतींचं आणि ताठर: त्यात ८० च भरतात आणि ४८ बाहेर पडतात. ईएफ ६० टक्के, म्हणजे कागदावर अगदी छान. पण एका ठोक्याला शरीराला मिळणारं रक्त दुसऱ्यात पहिल्यापेक्षाही कमी आहे. शिवाय ताठर कप्प्यात रक्त भरायला दाब जास्त लागतो, तो दाब मागे फुप्फुसांवर पडतो आणि धाप लागते. म्हणून चांगल्या ईएफचं हार्ट फेल्युअर हे सौम्य हार्ट फेल्युअर नव्हे. आकडा टक्केवारीचा आहे, पुरवठ्याचा नाही, हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं.

हृदय पाहण्यासाठी ध्वनिलहरी वापरण्याची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये केली. एका ठोक्यात किती अंश रक्त बाहेर पडतं हे मोजण्याची पद्धत १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्गीकरणाला खरा आकार दिला तो त्यानंतरच्या औषधचाचण्यांनी. १९८६ च्या चाचणीत ईएफ ४५ पेक्षा कमी असलेले रुग्ण घेतले, १९९१ च्या एनालाप्रिल या औषधाच्या चाचणीत ३५ किंवा त्याहून कमी असलेले. ईएफ कमी असलेल्यांना धोका जास्त, म्हणून औषधाचा गुण आला तर लवकर दिसेल, असा तो हिशेब होता. गुण दिसलाही. पण बाहेर राहिलेल्या रुग्णांना कित्येक वर्षं नीट नावही नव्हतं, औषध तर नव्हतंच.

आजचे गट असे: ईएफ ४० किंवा त्याखाली असेल तर घटलेला, ४१ ते ४९ म्हणजे किंचित घटलेला, ५० किंवा वर म्हणजे टिकून राहिलेला. मधल्या गटाला युरोपच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने ‘मधला’ म्हटलं आणि २०२१ मध्ये ‘किंचित घटलेला’, कारण औषधांना मिळणाऱ्या प्रतिसादात तो घटलेल्या गटाच्या जवळचा निघाला. चौथा गट आधी ४० किंवा त्याखाली असलेल्या आणि नंतर सुधारलेल्या ईएफचा. २०२१ च्या जागतिक व्याख्येप्रमाणे त्यासाठी आकडा किमान १० अंकांनी वाढून ४० च्या वर जायला हवा.

४० ची रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती चाचण्यांच्या प्रवेशद्वारातून आली आहे. एकाच रुग्णाचा इको दोन अनुभवी डॉक्टरांनी केला तरी पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. ३९ आणि ४२ यांच्यात फरक पाहणाऱ्याने मोजमापाची ही मर्यादा आधी लक्षात घ्यावी.

गट ठरवताना

पहिला अंदाज सोपा वाटतो. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, साठी ओलांडलेली, फुप्फुसात पाणी, म्हणजे जाड भिंतींचं, टिकलेल्या ईएफचं हृदय. याला आधारही आहे. रक्तदाब एकदम चढून फुप्फुसात पाणी भरलेल्या ३८ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धाप लागलेली असताना आणि उपचारांनंतर, दोन्ही वेळी सरासरी ईएफ सारखाच, सुमारे ५० टक्के निघाला. म्हणजे फुप्फुसात पाणी भरायला पंप कमजोर व्हावाच लागतो असं नाही.

पण एक्स-रे या अंदाजाला अडवतो. दोन आठवड्यांत हृदयाचा आकार लहान झाला. जाड झालेली भिंत दोन आठवड्यांत पातळ होत नाही, त्याला महिने लागतात. इतक्या लवकर कमी होतो तो पोकळीचा फुगवटा. म्हणजे मार्चमध्ये कप्पा पसरलेला असला पाहिजे. पसरलेला कप्पा आणि टोकाशी मर्मर, म्हणजे झडप ओढली जाऊन थोडं रक्त मागे झिरपत असण्याची शक्यता. तसं असेल तर अजून एक गुंता होतो: झडपेतून मागे गेलेलं रक्तही ईएफच्या हिशेबात ‘बाहेर पडलेलं’ धरलं जातं आणि आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो. एक्स-रे काढताना श्वास किती भरला होता, शरीर कोणत्या स्थितीत होतं, यानेही हृदयाची सावली लहान-मोठी दिसते, त्यामुळे हा पुरावा शंभर टक्के नाही. पण तो ईएफ कमी असण्याच्या बाजूला झुकतो एवढं नक्की.

डिजिटॅलिसने गुण आला, मग पंपच कमजोर असणार, असा युक्तिवाद कोणी करेल. तो मी स्वीकारणार नाही. मीठ तोडलं, विश्रांती दिली, एवढ्यानेही फुप्फुसं मोकळी होऊ शकतात. शिवाय १९९७ च्या मोठ्या चाचणीत ईएफ ४५ किंवा कमी असलेल्या ६८०० रुग्णांत डिगॉक्सिनने (डिजिटॅलिस कुळातल्याच औषधाने) मृत्यू कमी केले नाहीत, फक्त रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण कमी केलं. गुणावरून गट ओळखण्याइतकं ते औषध नेमकं नाही.

टिकलेल्या ईएफच्या निदानासाठी २०१८ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक गुणपद्धती मांडली. स्थूलपणा, रक्तदाबाच्या दोन किंवा अधिक गोळ्या, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय अनियमित होणं), फुप्फुसातला वाढलेला दाब, साठीपुढचं वय आणि इकोवर दिसणारा भरण्याचा दाब यांना गुण द्यायचे. रूझवेल्ट यांना त्यात वयाचा एक गुण मिळतो. लय नियमित, म्हणून फिब्रिलेशनचे तीन गुण जातात. आणि गोळ्यांचा गुण कसा द्यायचा? १८६/१०८ रक्तदाबाच्या माणसाला शून्य, कारण गोळ्याच नव्हत्या. उपचार न मिळालेल्या माणसापुढे आपली आजची मोजमापं कशी अडखळतात त्याचं हे उदाहरण. ज्यांनी आयुष्यात कधी बीपी मोजलंच नाही असे रुग्ण थेट धाप घेऊन येतात, तिथेही हेच घडतं.

सगळ्यात बोलका पुरावा पुढच्या वर्षीचा आहे. फेब्रुवारी १९४५, चर्चिल आणि स्टालिन यांच्यासोबतची याल्टाची परिषद. पोलंडच्या प्रश्नावरच्या तणावाच्या चर्चेनंतर ८ फेब्रुवारीला ब्रुएन यांना पहिल्यांदाच एक खूण सापडली: पल्सस आल्टर्नन्स. नाडीची लय नियमित, पण एक ठोका जोरकस, पुढचा अशक्त, पुन्हा जोरकस. लुडविग ट्राउबे यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेली ही खूण मुख्यतः डाव्या जवनिकेचा स्नायू थकल्यावर दिसते. नुसत्या ताठर हृदयात ती सहसा आढळत नाही. विश्रांतीने दोन दिवसांत ती गेली. पण एकदा उमटली म्हणजे पंपाची राखीव ताकद संपत आली होती.

मधल्या काळातली आणखी एक घटना. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रेमर्टन इथे युद्धनौकेच्या डेकवर, पायांना आधाराच्या पट्ट्या बांधून, उभ्याने भाषण करताना छातीत दुखलं, सुमारे पंधरा मिनिटं. त्यानंतरच्या ईसीजीत हार्ट अटॅकची खूण नव्हती. तरी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत होतं असं मानायला जागा आहे, आणि तेही ईएफ खाली ओढणारं कारण.

हे सगळं तोलून माझा निर्णय असा: मार्च १९४४ मध्ये ईएफ ५० च्या खाली, बहुधा चाळिशीत. त्या वसंतात सुधारणा. फेब्रुवारी १९४५ मध्ये पुन्हा घसरण. एका वर्षात एकाच हृदयाने किमान दोन गट पाहिले. रक्तदाबाने आजारी झालेलं हृदय असाच प्रवास करतं: आधी भिंत जाड, मग ताठरपणा, आणि काही जणांत पुढे पसरणं. गट हा त्या प्रवासातल्या एका दिवसाचा फोटो असतो. म्हणून रिपोर्टवर आकड्याइतकीच तारीख महत्त्वाची आणि मागच्या इकोचा कागद रुग्णाने जपून ठेवणं गरजेचं.

‘सुधारलेला’ या शब्दावर विसंबून गोळ्या बंद करणाऱ्यांसाठी २०१९ चा एक अभ्यास सांगायलाच हवा. पसरलेल्या हृदयाचे ५१ रुग्ण, सगळ्यांची लक्षणं गेलेली, ईएफ सुधारलेला. निम्म्यांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्के रुग्णांचं हृदय पुन्हा बिघडलं. ज्यांनी औषधं चालू ठेवली, त्यांच्यातल्या एकाचंही त्या काळात बिघडलं नाही.

गट कळला असता तर

आज हाच रुग्ण आला आणि ईएफ ४० च्या आत निघाला, तर चार औषधं एकत्र सुरू होतील: साकुबिट्रिल-वाल्सार्टन किंवा त्याच्या कुळातलं दुसरं, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध आणि मूळची मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ईएफ टिकलेला निघाला तर या शेवटच्या गोळीचा आधार मोठा. तिचा फायदा ४० च्या वरच्या रुग्णांतही होतो हे २०२१ आणि २०२२ च्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. सूज आणि पाणी उतरवणारी गोळी दोन्हीकडे. आणि दोन्हीकडे, पहिल्या दिवसापासून, रक्तदाब आटोक्यात.

तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली झालेल्या नोंदणीत हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या १२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं. जवळजवळ रूझवेल्ट यांचंच वय. त्यांतल्या साधारण एक चतुर्थांशांचा ईएफ टिकून होता. तिथे मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होतं, पण कारण कोणतंही असो, आपल्याकडे हा आजार कमावत्या वयाच्या काठावर गाठतो. ईएफ ६० आला म्हणून ‘हार्टचं काही नाही’ असं सांगून धापेच्या रुग्णाला घरी पाठवणं परवडणारं नाही. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपीची (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) रक्ततपासणी करावी आणि इकोमध्ये डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, भरण्याचा दाब वाढलाय का, हे पाहावं.

नोव्हेंबर १९४४ मध्ये रूझवेल्ट यांचा रक्तदाब २६०/१५० नोंदला गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्जमध्ये त्यांचं चित्र काढलं जात असताना डोक्यात असह्य वेदना उठली. ब्रुएन यांनी मोजलेला रक्तदाब ३००/१९० च्या वर होता. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू झाला, मेंदूतल्या रक्तस्रावाने. ज्या हृदयाच्या गटाचा आपण इतका विचार केला, ते शेवटपर्यंत चालू होतं. मृत्यू आणला तो निदानाच्या यादीत ब्रुएन यांनी सर्वांत वर लिहिलेल्या आजाराने. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत राष्ट्रीय हृदय कायदा झाला आणि फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या हृदयविकाराचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्या अभ्यासातून १९९६ मध्ये दिसलं, की हार्ट फेल्युअर झालेल्या ९१ टक्के लोकांना ते होण्याआधीपासून उच्च रक्तदाब होता.

आजच्या केसपेपरवर या रुग्णाचं निदान मी असं लिहीन: दीर्घकाळ उपचार न झालेला उच्च रक्तदाब. त्यामुळे झालेला हृदयविकार. डाव्या बाजूचं हार्ट फेल्युअर, मार्च १९४४ मध्ये ईएफ बहुधा ४० ते ५० च्या दरम्यान, एप्रिलमध्ये सुधारणा, फेब्रुवारी १९४५ मध्ये पुन्हा घट. हृदयाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता. पोलिओमुळे श्रमावरून श्रेणी ठरवता येत नाही. रक्तदाब अजूनही आटोक्याबाहेर.